आजोळच्या झेंड्याखाली: एका हौशी बॉबस्ले संघाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील दोन मुख्य व्यक्ती सख्ख्या बहिणींची मुले, म्हणजे एकमेकांचे मावसभाऊ आहेत. दोघांचा जन्म, शिक्षण आणि नोकरी अमेरिकेतली; त्यांची आजी मात्र तरुणपणी एका लहान, उष्ण हवामानाच्या देशातून येऊन तेथे स्थायिक झालेली. ओळख पटू नये म्हणून त्या देशाचे आणि सर्व व्यक्तींची नावे येथे गाळली आहेत व काही तपशील जाणीवपूर्वक धूसर ठेवले आहेत. ट्रॅक, नियम आणि खेळाचे तंत्र यांना मात्र हात लावलेला नाही, कारण प्रकरणातील बहुतेक पेच त्यांतूनच उद्भवले.

थोरला भाऊ शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. महाविद्यालयात असताना तो डिकॅथलॉन, म्हणजे धावणे, उड्या आणि फेक अशा दहा प्रकारांची स्पर्धा, खेळत असे. धाकटा त्याच्याहून बराच लहान, अमेरिकन फुटबॉल खेळलेला, तगड्या बांध्याचा आणि व्यावसायिक संघात निवड न झाल्याने काहीसा रिकामा पडलेला. बॉबस्लेची, म्हणजे बर्फाच्या उतरत्या, वळणदार ट्रॅकवरून स्लेजमध्ये (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीत) बसून शर्यत करण्याच्या खेळाची, कल्पना थोरल्याची. अमेरिकेतील लेक प्लॅसिडच्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी चालणाऱ्या चालक-प्रशिक्षणाची माहिती त्याला मिळाली आणि आजीच्या देशाचा झेंडा घेऊन आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरायचे, जमल्यास चौथ्या हिवाळ्यात येणाऱ्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचायचे, असा बेत त्याने भावापुढे मांडला.

अशी वाट चोखाळणारे ते पहिले नव्हेत. १९९४ साली लिलहॅमर येथे आर्मेनिया स्वतंत्र देश म्हणून प्रथमच हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या दोनजणी बॉबस्लेत बसलेले दोघेही अमेरिकेत वाढलेले आर्मेनियन वंशाचे खेळाडू होते. २०१८च्या प्योंगचांगमध्ये नायजेरियाचा महिला संघ उतरला, तोही अमेरिकेतील ह्यूस्टनमधून. त्याची चालक शेऊन अडिगन २०१२ साली लंडनमध्ये नायजेरियाकडून १०० मीटर अडथळा शर्यत धावलेली होती. तिने सरावासाठी गॅरेजमध्ये स्वतः लाकडी स्लेज बांधली आणि लोकवर्गणीतून खर्च उभा केला. तो संघ २० पैकी विसावा आला, पण ऑलिंपिक बॉबस्लेतील आफ्रिका खंडाचा पहिला संघ म्हणून त्याची नोंद झाली. जमैकाचे नाव लोकांच्या तोंडी अधिक असते. परंतु १९८८च्या कॅल्गरीतला तो संघ जमैकातच उभा राहिला होता, त्यामुळे परदेशी वाढलेल्या नातवंडांच्या अडचणी समजून घेण्यास ते उदाहरण फारसे उपयोगाचे नाही. थोरल्या भावाने ही सर्व उदाहरणे बारकाईने अभ्यासली होती. स्लेज कशी मिळवली, पैसे कसे जमवले, सराव कोठे केला, याच्या त्याने वह्या भरल्या. या खेळाडूंची नागरिकत्वाची कागदपत्रे कोणत्या क्रमाने झाली असतील, हा प्रश्न त्या वह्यांत कोठेच नाही.

चालकाची जागा

पुढचे सारे समजण्यासाठी या खेळाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. दोनजणी बॉबस्लेत पुढे चालक आणि मागे ब्रेकमन असतो. दोघे मिळून स्लेज ढकलत पळतात, आधी चालक आणि मग ब्रेकमन उडी मारून आत बसतो, आणि तेथून खाली सुमारे एक मिनिटाचा प्रवास संपूर्णपणे चालकाच्या हातातील दोन कड्यांवर अवलंबून असतो. ब्रेकमन डोके गुडघ्यांत घालून बसतो; त्याला पुढचे काही दिसत नाही, वळणे तो केवळ अंगावर येणाऱ्या दाबावरून मोजतो आणि ब्रेक ओढायचा तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच. ब्रेकमन बदलता येतो, एकाच मोसमात अनेकदाही. क्रमवारीतले गुण मात्र चालकाच्या नावावर जमा होतात, आणि ऑलिंपिक पात्रतेचा हिशेबही चालकाच्याच शर्यतींवर मांडला जातो. चालक बदलला की संघाची पाटी कोरी होते.

पहिला निर्णय म्हणून या जागेवर कोण बसणार हे ठरवायचे होते, आणि तो निर्णय स्वभाव पाहून झाला. थोरला शांत, चिकाटीचा, प्रत्येक वळणाचे चित्र वहीत काढणारा. धाकटा अधिक वेगवान आणि ताकदवान, म्हणून ढकलण्यास उपयुक्त. लेक प्लॅसिडच्या प्रशिक्षकानेही हेच सुचवले, आणि निव्वळ खेळाच्या दृष्टीने पाहिल्यास सल्ला अचूक होता. नवशिक्या चालकाला ट्रॅकच्या माथ्यावरून सोडत नाहीत; त्याला आधी खालच्या टप्प्यावरून सुरुवात करावी लागते आणि हळूहळू वर नेले जाते. लेक प्लॅसिडला २० वळणे आहेत आणि त्यांतली काही एकमेकांना इतकी लागून आहेत, की एका वळणातून बाहेर पडताना झालेली चूक पुढच्या दोन वळणांत फेडावी लागते. थोरला दोन हिवाळे हे शिकत राहिला. शाळेच्या सुट्ट्या, बिनपगारी रजा, स्वतःच्या खिशातले शुल्क, सगळे त्यात गेले. सरावासाठी नागरिकत्वाचा दाखला कोणी मागत नसल्याने या दोन वर्षांत त्या बाजूला कोणी पाहिलेही नाही.

पेच उघड झाला तो असा

आंतरराष्ट्रीय बॉबस्ले आणि स्केलेटन (त्याच ट्रॅकवरून छोट्या स्लेजवर पालथे पडून घसरण्याचा खेळ) महासंघाच्या शर्यतींत उतरण्यासाठी खेळाडूला परवाना लागतो, आणि तो देशाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतो. आजीच्या देशात अशी संघटना नव्हती. भावांनी अमेरिकेतच त्या देशाच्या नावाने एक ना-नफा संस्था नोंदवली, बोधचिन्ह बनवले आणि त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीला पत्र पाठवून मान्यता मागितली. समितीचे उत्तर थंड आले. देशाच्या नावाची क्रीडा संघटना देशातच नोंदलेली असावी, तिचे पदाधिकारी तेथील रहिवासी असावेत आणि खेळाडू देशाचे नागरिक असावेत, अशा तीन अटी त्यात होत्या. भावांना ही अडवणूक वाटली. माझ्या मते समितीची भूमिका रास्त होती: आपल्या देशाचे नाव परदेशात कोणी नोंदवून टाकले आहे, हे ज्यांना पत्रातून कळते त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे अवघड आहे.

पहिल्या दोन अटी वेळ खाऊन का होईना, पुऱ्या होण्यासारख्या होत्या. तिसरीत खरी मेख निघाली. त्या देशाचा नागरिकत्व कायदा दीर्घकाळ केवळ पित्याकडून वारसा मानणारा होता. अनेक देशांत तो पूर्वी तसा होता आणि काही देशांत आजही आहे. तेथे कालांतराने दुरुस्ती होऊन आईकडूनही नागरिकत्व मिळू लागले, परंतु दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांनाच तो हक्क आपोआप मिळाला. धाकट्याचा जन्म दुरुस्तीनंतरचा, त्यामुळे आजीचा आणि आईचा जन्मदाखला जोडताच त्याला काही आठवड्यांत पासपोर्ट मिळाला. थोरल्याचा जन्म दुरुस्तीपूर्वीचा. त्याला मंत्रालयाकडे स्वतंत्र अर्ज करून विशेष नोंदणी करून घ्यावी लागणार होती, आणि तिला कालमर्यादा नव्हती. एकाच आजीच्या दोन नातवांपैकी एक नागरिक आणि दुसरा अर्जदार, आणि ज्याने दोन हिवाळे चालवायला शिकण्यात घालवले तोच नेमका अर्जदार.

ऑलिंपिक सनदेचा नियम ४१ या बाबतीत स्पष्ट आहे. खेळाडू ज्या देशाच्या समितीमार्फत उतरतो त्या देशाचा तो नागरिक असला पाहिजे. दुहेरी नागरिक असल्यास कोणत्या देशाकडून खेळायचे ते तो निवडू शकतो. आणि एकदा एका देशाचे प्रतिनिधित्व केल्यावर दुसऱ्याकडून खेळण्यासाठी साधारणतः तीन वर्षे थांबावे लागते. वंश, आडनाव, आजीची भाषा येणे, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही.

तोलून पाहिलेले पर्याय

तिसरा हिवाळा तोंडावर होता. पात्रतेसाठी ठरावीक काळात, ठरावीक संख्येने, किमान तीन वेगवेगळ्या ट्रॅकवरील शर्यती पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे एक मोसम वाया गेला तर चौथ्या हिवाळ्यातले ऑलिंपिक जवळजवळ हातचे गेले, असा हिशेब होता. चर्चा धाकट्याच्या घरी झाली आणि तिची टिपणे थोरल्याने ठेवली आहेत. पुढचे विवेचन त्यांवर आधारलेले आहे.

थांबणे हा पहिला पर्याय होता. थोरल्याची नोंदणी होईपर्यंत सराव चालू ठेवायचा आणि गरज पडल्यास त्यापुढच्या ऑलिंपिकचे लक्ष्य ठेवायचे. यात खेळाचे नुकसान सर्वांत कमी होते, पण थोरल्याचे वय आणि धाकट्याचा उतावळेपणा दोन्ही त्याच्या विरुद्ध होते. अमेरिकेकडून खेळण्याचा विचार एका वाक्यात संपला, कारण त्या संघातील ढकलण्याच्या चाचणीची पातळी दोघांच्याही आवाक्याबाहेर होती. तिसरा पर्याय धाकट्याने चालक होण्याचा आणि कागद पूर्ण असलेला नवा ब्रेकमन शोधण्याचा. चौथा पर्याय टिपणांत आहे, पण त्यावर चर्चा झालेली दिसत नाही: अमेरिकेत वाढलेला, आजीच्या देशाचे नागरिकत्व असलेला आणि आधी स्केलेटन किंवा ल्यूज (पाठीवर झोपून स्लेजवरून घसरण्याचा खेळ) खेळलेला कोणी चालक म्हणून मिळतो का, हे शोधणे. बर्फाच्या ट्रॅकची ओळख असलेला माणूस नव्याने शिकणाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर तयार होतो. हा पर्याय मागे पडला, कारण संघ कुटुंबाच्या बाहेर जाईल अशी भावना तोवर निर्माण झाली होती.

शेवटी तिसरा पर्याय स्वीकारला गेला. तो स्वीकारताना कोणीही एक प्रश्न मोठ्याने विचारला नाही: धाकट्याला चालवायचे आहे का? त्याने नंतर सांगितले, की त्याला नकार द्यायचा नव्हता, पण होकारही त्याने दिलेला नव्हता.

केलेली कृती

अमेरिकेतील संस्था विसर्जित करून आजीच्या देशात नवी संघटना नोंदवण्यात आली. ऑलिंपिक समितीच्या सचिव, ज्या पूर्वी ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षक होत्या, तिच्या अध्यक्ष होण्यास तयार झाल्या, मात्र एका अटीवर: दोनपैकी एक तरी खेळाडू देशात राहणारा असावा. त्यांनी स्वतःच एक नाव सुचवले. १०० आणि २०० मीटर धावणारा, एकविशीतला, देशाबाहेर फारसा न गेलेला धावपटू. भावांनी त्याची धाव चित्रफितीत पाहिली आणि लगेच संमती दिली.

येथून व्यवहारातल्या अडचणी सुरू झाल्या, आणि त्या कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाहीत. अमेरिकेत बॉबस्लेचे दोनच ट्रॅक आहेत, लेक प्लॅसिड आणि पार्क सिटी. तिसरा ट्रॅक हवा तर कॅनडा किंवा युरोप गाठावा लागतो, आणि कॅल्गरीचा ट्रॅक २०१९मध्ये बंद झाल्यापासून कॅनडात व्हिस्लर एवढाच उरला आहे. भावांकडे अमेरिकेचा पासपोर्ट असल्याने ही सीमा त्यांना कधी जाणवलीच नव्हती. धावपटूला मात्र दोन देशांचे दोन व्हिसा, दोन मुलाखती, दोन वेळा बोटांचे ठसे, आणि त्यासाठी शेजारच्या देशातील वकिलातीपर्यंतचा प्रवास करावा लागला. पात्रतेच्या आराखड्यात या बाबीसाठी एकही दिवस राखून ठेवलेला नव्हता. मोसमाच्या पहिल्या दोन शर्यती त्यात हुकल्या.

धावपटू आल्यावर वजनाचा प्रश्न पुढे आला. दोनजणी पुरुष गटात स्लेज, खेळाडू आणि साहित्य मिळून ३९० किलोंची कमाल मर्यादा असते आणि रिकामी स्लेज किमान १७० किलोंची असते. म्हणजे दोन खेळाडूंच्या वाट्याला साहित्यासह सुमारे २२० किलो येतात. उतारावर वजन वेग देते, म्हणून नावाजलेले संघ ही मर्यादा जवळजवळ पुरी वापरतात. आपल्या या जोडीत धाकटा भारदस्त असला तरी धावपटू सडपातळ होता, आणि दोघे मिळून बरेच कमी भरत होते. तूट शिशाचे ठोकळे स्लेजला बांधून भरता येते, पण मग सुरुवातीला तेवढी जड स्लेज ढकलावी लागते, आणि सुरुवातीला गमावलेला सेकंदाचा दहावा भाग खाली पोहोचेपर्यंत तिप्पट होतो असे या खेळात मानतात. त्यांनी अर्धी तूट भरून अर्धी सोडून दिली. भाड्याच्या जुन्या स्लेजवर, बर्फावरच्या काटेदार बुटांची सवय नसलेल्या धावपटूसह, याहून चांगला तोडगा मला तरी सुचत नाही.

पैशांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. लोकवर्गणी, थोरल्याची बचत आणि आजीच्या गावच्या मंडळींनी परदेशात उभारलेला एक निधी यांतून खर्च भागला. नवी स्लेज कधीच घेता आली नाही.

धाकटा चालक म्हणून तयार होत होता तो प्रामुख्याने पार्क सिटीत. तेथील १५ वळणे वेगवान असली तरी नवशिक्याला तुलनेने माफ करणारी आहेत. थोरला आता प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा दुहेरी भूमिकेत होता. सकाळी ट्रॅकवर बर्फातून चालत जाऊन तो प्रत्येक वळणाशी थांबे, भिंतीवर कोणत्या उंचीला जायचे आणि कोठून उतरायचे ते हाताने दाखवी. धाकटा मान डोलावे. संध्याकाळी चित्रफीत पाहताना मात्र असे दिसे, की तो थोरल्याने सांगितलेली रेषा धरण्याचा प्रयत्न करतो आणि त्यातच उशीर करतो. स्वतःला जाणवलेल्या दाबावर विसंबून त्याने घेतलेली वळणे अधिक सफाईदार असत. दोन चालकांच्या डोक्यांनी एक स्लेज हाकली जात होती. शर्यतींमध्ये ते तळाच्या एक-दोन जागांवर राहिले, पण प्रत्येक फेरी पूर्ण केली आणि स्लेज कोठेही उलटली नाही. एकदा शर्यतीपूर्वी रनरच्या (स्लेज ज्यांवर घसरते त्या पोलादी पट्ट्यांच्या) तपासणीत ते थोडक्यात वाचले: संदर्भासाठी टांगलेल्या रनरपेक्षा स्लेजचे रनर ४ अंशांहून अधिक उबदार असता कामा नयेत, आणि यांची स्लेज सकाळच्या उन्हात उभी राहिली होती.

निर्णायक आठवडा

चौथ्या हिवाळ्यात व्हिस्लर शिल्लक होते. तेथील शर्यतींशिवाय तिसऱ्या ट्रॅकची अट पुरी होत नव्हती आणि जानेवारीच्या मध्यास पात्रतेची मुदत संपणार होती. व्हिस्लर हा जगातील सर्वांत वेगवान ट्रॅकांपैकी एक आहे. १६ वळणे, १५२ मीटर उतार आणि ताशी १५० किलोमीटरच्या वर जाणारा वेग. २०१० साली ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली तेथे सरावात मरण पावला, आणि त्यानंतर ट्रॅकच्या खालच्या भागात बदल करण्यात आले. तेराव्या वळणाला चालक 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात, म्हणजे सरळ बाहेर पडण्याची शक्यता निम्मी.

सरावाच्या पहिल्या दिवशी स्लेज त्या वळणानंतर उलटली. उलटलेल्या स्लेजमध्ये चालकाला पुढच्या आवरणाचा थोडा आडोसा मिळतो. ब्रेकमनला तो मिळत नाही. धावपटूचा खांदा आणि हेल्मेट बर्फावर घासत खालपर्यंत गेले. संरक्षक जाकिटाच्या कडेबाहेर हाताएवढ्या लांबीचा चट्टा भाजल्यासारखा सोलवटला होता. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती सांगितली. तिसऱ्या दिवशी त्याने बरे वाटत असल्याचे सांगितले आणि फेरी घेतली. या वेळी स्लेज उलटली नाही, पण दोनदा भिंतीवर जोरात आदळली. त्या रात्री जेवणानंतर तो हॉटेलच्या जिन्यात उभा होता. आपली खोली कितव्या मजल्यावर आहे हे त्याला आठवत नव्हते. थोरल्याने त्याला तसे पाहिले.

बॉबस्लेच्या वर्तुळात 'स्लेड हेड' हा शब्द अनेक वर्षे सहजपणे वापरला जात असे: फेऱ्यांनंतरची डोकेदुखी, धुके, विसर. २०२० साली मरण पावलेल्या एका अमेरिकन बॉबस्लेपटूच्या मेंदूत वारंवारच्या आघातांमुळे होणारा आजार आढळल्यावर या शब्दाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. थोरल्याने हे वाचलेले होते. त्याने सकाळी धावपटूला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की पहिल्या दिवसापासून त्याचे डोके दुखत होते. डॉक्टरांना त्याने ते सांगितले नव्हते. त्याचे म्हणणे असे, की त्याचा व्हिसा, तिकीट, बूट, खोली सारे दुसऱ्यांच्या पैशांतले. ज्या लोकांनी आपल्याला इतक्या लांब आणले त्यांना शेवटच्या आठवड्यात नाही कसे म्हणायचे?

आता तीन मार्ग होते. धावपटूला बसवून शर्यत पूर्ण करायची, ऐनवेळी दुसरा ब्रेकमन शोधायचा, किंवा माघार घ्यायची. कागद पूर्ण असलेला दुसरा ब्रेकमन नव्हताच. पहिल्या मार्गाच्या बाजूने धाकट्याने बराच वेळ युक्तिवाद केला. आपण वळण शिकलो आहोत, पुन्हा उलटणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आजीच्या देशात ऑलिंपिक समितीने संघ पात्रतेच्या उंबरठ्यावर असल्याचे पत्रकारांना आधीच कळवलेले होते आणि अध्यक्ष दूरध्वनीवर वारंवार विचारणा करत होत्या. थोरल्याने माघारीच्या अर्जावर व्यवस्थापक म्हणून सही केली. अध्यक्षांना त्याने सही केल्यानंतर कळवले, आधी नाही. त्या रागावल्या, आणि त्यांचा राग अंशतः योग्य होता: माघारीचा निर्णय बरोबर असला तरी संघ त्यांच्या संघटनेचा होता आणि धावपटूची जबाबदारी त्याच्या आईवडिलांपुढे त्यांनी घेतली होती. त्यांना विचारले असते तर त्यांनीही हेच केले असते, असे त्या आज सांगतात.

परिणाम

संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. शर्यत झाली असती तरी ठरला असता का, हे सांगणे कठीण आहे. बीजिंग २०२२मध्ये पुरुषांच्या दोनजणी गटात ३० स्लेजना जागा होती. अशा मोजक्या जागांमध्ये शर्यतींची संख्या पुरी झाली म्हणून प्रवेश मिळतोच असे नाही, क्रमवारीही पाहिली जाते, आणि यांचे गुण तळाचेच होते. माघारीमुळे हुकलेली संधी मोठी होती, अशी कुटुंबात एक समजूत आहे. उपलब्ध आकड्यांवरून ती खरी वाटत नाही.

धावपटू मायदेशी परतला, काही महिने त्याने सराव बंद ठेवला आणि नंतर पुन्हा ट्रॅकवर धावू लागला. बॉबस्लेत परतण्यास त्याने नकार दिला. थोरल्याची नागरिकत्व नोंदणी पुढच्या वसंतात मंजूर झाली. राष्ट्रीय संघटना टिकून आहे आणि तिच्या कार्यकारिणीत आता बहुसंख्य सदस्य त्या देशात राहणारे आहेत. परदेशस्थ कुटुंबाच्या हौसेतून सुरू झालेल्या संघटनेचे असे हस्तांतर होणे हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ भाग आहे, जरी भावांपैकी कोणीही तो हेतू ठेवून सुरुवात केली नव्हती.

वेगळे काय करता आले असते

क्रम बदलला असता तर बरेच टळले असते. या खेळात सर्व काही चालकाभोवती बांधलेले असल्याने, ज्याचे नागरिकत्व आज सिद्ध होते त्यालाच चालकाच्या जागेवर बसवणे, किंवा ते सिद्ध होईपर्यंत दोघांनाही समान फेऱ्या चालवायला देणे, हे पहिल्याच हिवाळ्यात शक्य होते. त्यासाठी तीन दाखले आणि एका वकिलाचा सल्ला एवढेच पुरले असते. प्रशिक्षकाने स्वभाव पाहून सल्ला दिला यात त्याची चूक नाही. कागद पाहणे हे त्याचे काम नव्हते. ते संघातल्या कोणाचे तरी होते, आणि ते कोणाचे हे कधी ठरलेच नाही.

व्हिसाचा विचार वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून हवा होता. देशात राहणारा खेळाडू संघात घेणे ही अट अध्यक्षांनी घातली ती योग्य होती, परंतु तिची किंमत धावपटूने भरली. युरोपीय मालिकेचा विचार केला असता तर एकाच शेंगेन व्हिसावर ऑस्ट्रिया, जर्मनी, नॉर्वे, लाटव्हिया येथील ट्रॅक खुले झाले असते. खर्च वाढला असता, हे खरे. तरी तीन ट्रॅकची अट व्हिस्लरवाचून पुरी करण्याचा तोच मार्ग होता, आणि तो कागदावर मांडूनही पाहिला गेला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

व्हिस्लरमधील माघार योग्य होती, पण ती थोरल्याला जिन्यात जे दिसले त्यावर उभी होती. तो त्या वेळी तेथून गेला नसता तर? धावपटूला नाही म्हणण्याची सोय संघाच्या रचनेत नव्हती. खर्च उचलणारा, निवड करणारा आणि तब्येतीची चौकशी करणारा एकच माणूस असला की पाहुणा खेळाडू खरे सांगत नाही. संघटनेने आता ही कामे वेगळी केली आहेत: उलटलेल्या स्लेजनंतर ब्रेकमनला पुन्हा बसवायचे की नाही हे ट्रॅकवरचा डॉक्टर आणि देशातील संघटनेने नेमलेला एक सदस्य मिळून ठरवतात, व्यवस्थापकाला त्यात मत नाही, आणि खेळाडूने कारण न देता नकार दिला तरी त्याचे परतीचे तिकीट आणि भत्ता कायम राहतो.

चालकाच्या जागेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. थोरल्याकडे आता पासपोर्ट आहे आणि दोन हिवाळ्यांचे शिक्षण आहे, पण शर्यतीचा एकही गुण नाही. धाकट्याकडे गुण आणि परवाना आहे, आणि जी जागा त्याने मागितली नव्हती ती आता त्याला सोडायची नाही. अध्यक्षांनी असे सुचवले आहे, की येत्या मोसमाच्या सुरुवातीला लेक प्लॅसिडला दोघांनी सारख्याच स्लेजवर, सारख्याच संख्येने फेऱ्या घ्याव्यात आणि निर्णय बाहेरच्या प्रशिक्षकाने द्यावा. थोरल्याने ही अट लेखी मान्य केली आहे. धाकट्याचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.